बंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना कोणत्या संधी असतात आणि त्यांची बातमी वेळेवर कशी कळते?

तू लिहिलं आहेस की मिरजेची आहेस, बारावीनंतर अर्थशास्त्राला क्राइस्टमध्ये नाव लागलंय, घरचे म्हणतात ‘मिशनची संस्था आहे, जरा चौकशी कर’. आणि तुला स्वतःला प्रश्न पडलाय की एवढ्या मोठ्या कॅम्पसवर काय चाललंय ते नव्या मुलीला कळतं कसं आणि तिने नेमकं कशात पडावं. शिवाय लवासाचा कॅम्पस घ्यावा का, हेही आहेच. मी कोल्हापूरची. होसूर रोडच्या मुख्य कॅम्पसवर शिकले, आता बंगळुरूतच नोकरी करते. वयाने मोठी आहे म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

आधी घरच्यांची शंका. मिरजेच्या माणसाला मिशन म्हटलं की वॉनलेस हॉस्पिटल आठवणार, म्हणजे परदेशातून आलेले डॉक्टर, प्रेस्बिटेरियन चर्च वगैरे. क्राइस्टचं तसं नाही. ही संस्था चालवणारा सीएमआय हा कॅथलिक धर्मसंघ इथल्याच मातीतला, केरळात मन्नानमला 1831 साली सुरू झालेला. त्याच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा. त्यांनी 1846 मध्ये मन्नानमला संस्कृत पाठशाळा काढली होती. आपल्या भिडेवाड्यातली शाळा 1848 ची, यावरून काळाचा अंदाज घे. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चावरांना संत घोषित केलं. बंगळुरूचं कॉलेज 1969 चं, 2004 मध्ये स्वायत्त झालं आणि 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, होलिस्टिक एज्युकेशन नावाचा एक तास असतो, कॅम्पसवर झग्यातले फादर दिसतात आणि शेजारीच धर्माराम आहे, जिथे पाद्री होण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी राहतात. होलिस्टिकच्या तासाला मुलं नाकं मुरडतात, पण तो धर्माचा तास नव्हे. वेळेचं नियोजन, नातेसंबंध, ताण, समाज असे विषय चालतात. काही शिक्षक तो छान घेतात, काही रेटून नेतात. माझ्या वर्गात बहुतेक मुलं हिंदूच होती, मुसलमान आणि जैनही होती. मला किंवा माझ्या कुठल्याही मैत्रिणीला कुणी धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. डिसेंबरात मॅग्निफिकॅट नावाचा नाताळचा कार्यक्रम असतो. रोषणाई, कॅरल्स, गव्हाणीचा देखावा. त्यात गाणाऱ्यांमध्ये जोशी आणि अय्यर किती असतात ते बघून तुझी आई निर्धास्त होईल.

तुला जड जाणार आहे ती शिस्त. त्याला घरच्यांनी आधीच मनाची तयारी करायला हवी. ओळखपत्र कायम गळ्यात, कपड्यांचे नियम, आणि सगळ्यात मोठं म्हणजे 85 टक्के हजेरी. आपल्याकडे कॉलेजात हजेरी कशी असते ते तुला माहीत आहे. परीक्षेआधी एक अर्ज, एक डॉक्टरचं सर्टिफिकेट, झालं. इथे ते चालत नाही. शिवाय सत्रभर सीआयए, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन, चालूच राहतं. कधी सादरीकरण, कधी निबंध, कधी गटाने करायचं काम, मधली परीक्षा वेगळीच. हे मी आधी का सांगतेय? कारण इथल्या प्रत्येक संधीची किंमत तासांमध्ये मोजावी लागते. स्पर्धेला, शिबिराला, परिषदेला गेलीस की बुडालेल्या तासांची हजेरी रीतसर अर्ज करून, शिक्षकांची मंजुरी घेऊन मिळवायची असते, आणि तीही मुदतीत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ज्यांची धावपळ होते, त्यांचं कर्तृत्व कमी नसतं, अर्ज वेळेवर गेलेले नसतात.

आता बातमीचं. इथे बातमीचा तुटवडा नाही, सुळसुळाट आहे. विद्यापीठाच्या ईमेलवर रोज काही ना काही येतं. पोर्टलवर सूचना, विभागाच्या फलकावर कागद, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर वर्गप्रतिनिधीने ढकललेली पोस्टरं. पहिल्या महिन्यात सगळं वाचावंसं वाटतं, दुसऱ्या महिन्यात काहीच वाचलं जात नाही. यातून सुटायचं तर मेलवर भिस्त न ठेवता चार दारं ओळखीची करून ठेव. स्टुडंट वेल्फेअर ऑफिस, ज्याला सगळे एसडब्ल्यूओ म्हणतात, तिथून सांस्कृतिक सगळं चालतं. दुसरं सेंटर फॉर सोशल ॲक्शन. तिसरं परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण बघणारं कार्यालय. आणि चौथं तुझ्या विभागातल्या एखाद्या अशा प्राध्यापकांचं टेबल, जे स्वतः काहीतरी संशोधन करतायत. पोस्टर लागेपर्यंत जागा अर्ध्या भरलेल्या असतात, हे या चौथ्या दाराच्या बाबतीत सगळ्यात खरं.

महोत्सवांबद्दल थोडक्यात, कारण त्याचे व्हिडिओ तू पाहिलेच असशील. दर्पण हा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा कलामहोत्सव, नव्या मुलांनी उतरायचा तोच. भाषा उत्सवाला प्रत्येक जण आपापल्या प्रांताच्या वेशात येतो आणि दरवर्षी मराठी पोरी नऊवारीत ढोल-लेझीम घेऊन उभ्या राहतात. त्या दिवशी तुला मराठी मंडळी सापडतील, कारण एरवी ती इंग्रजीच्या गर्दीत दिसत नाहीत. पण एक सांगते. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जसं एका एकांकिकेसाठी अख्खं कॉलेज महिनोन्‌महिने झपाटलेलं असतं, तसं वेड इथे शोधू नकोस. इथे सगळं आखीव, वेळेत, आयोजकांच्या गळ्यात बिल्ले अडकवून होतं. आयोजन शिकायला उत्तम जागा. कला शिकायला रंग शंकरा या नाट्यगृहात जा, जेपी नगरमध्ये आहे, 2004 पासून तिथे जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या भाषेतलं नाटक असतं आणि तिकीट विद्यार्थ्याला परवडतं.

मला विचारशील तर या विद्यापीठातली खरी संधी तीच आहे जिच्याकडे बहुतेक मुलं फक्त प्रमाणपत्रासाठी जातात, सेंटर फॉर सोशल ॲक्शन. 1999 पासूनचं हे केंद्र. शहरातल्या वस्त्यांमध्ये मुलांचे अभ्यासवर्ग, बालकांसाठी शिक्षण-प्रायोजकत्व, कचऱ्याचं वर्गीकरण, पथनाट्य, गावांमध्ये शिबिरं, असं त्याचं काम. विद्यापीठाच्या ब्रीदात ‘एक्सलन्स’च्या जोडीला ‘सर्व्हिस’ हा शब्द आहे, तो इतरत्र भिंतीवर राहतो, इथे थोडाफार चालताना दिसतो. अर्थशास्त्राच्या मुलीला याचा उपयोग असा. वर्गात तू बचतगट आणि सूक्ष्मवित्त शिकशील. तिथे एखाद्या बाईच्या घरात बसून ती आठवड्याचा हप्ता कुठून भरते ते ऐकशील. त्या बायका कन्नड, तमिळ किंवा दखनी उर्दू बोलतील. मिरजेची आहेस, थोडंफार कन्नड कानावर पडलेलं असणार, ते पहिल्याच वर्षी बोलायला लाग. उत्तरेकडून आलेल्या मुलांना तीन वर्षांत जे जमत नाही ते तुला सहा महिन्यांत जमेल. कुठल्याही संशोधन प्रकल्पात क्षेत्रभेटीसाठी कन्नड येणारं माणूस पहिलं निवडलं जातं, हे मी माझ्या नोकरीतही रोज बघते.

दुसरी मोठी संधी कॅम्पसच्या फाटकाबाहेर आहे. माझा विषय मानसशास्त्र होता, त्यामुळे निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था हाकेच्या अंतरावर असणं हे मला विद्यापीठातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त उपयोगी पडलं. तुझ्यासाठी नागरभावीची आयसेक, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज. 1972 साली व्ही. के. आर. व्ही. राव यांनी उभी केलेली. तिथली व्याख्यानं आणि ग्रंथालय दोन्ही बघून ये. लांब आहे, शनिवार काढून जा. डोमलूरला बेंगळुरू इंटरनॅशनल सेंटर आहे, तिथे अर्थव्यवस्थेवर, शहरावर, इतिहासावर सतत भाषणं असतात, प्रवेश बहुतेकदा फुकट. दिल्लीच्या नीती आयोगाची इंटर्नशिपही लक्षात ठेव. पदवीची मुलं दुसरं वर्ष झाल्यावर अर्ज करू शकतात, पण बारावीला 85 टक्के असावे लागतात. पैसे मिळत नाहीत, नाव मिळतं. दिल्लीत राहण्याचा खर्च घरून निघणार नसेल तर त्यामागे लागू नकोस.

परदेशी देवाणघेवाणीबद्दल माझं मत जरा कडू आहे. माहितीपत्रकात करार झालेल्या विद्यापीठांची यादी लांबलचक असते, पण पदवीच्या मुलांपैकी सत्रभर बाहेर जाणारी थोडीच, कारण विमानभाडं आणि राहणं बहुतेकदा स्वतःचं. तुला जायचंच असेल तर पहिल्या वर्षाचे गुण आणि भाषा यांवर भर दे. जर्मनचे वर्ग शहरात मॅक्स म्युलर भवनात चालतात.

प्लेसमेंटचं कुणी काहीही सांगो, पदवीच्या मुलांना ऐकवली जाणारी बड्या पगाराची आकडेवारी सहसा एमबीएची असते. विचारताना नेहमी ‘माझ्या अभ्यासक्रमाची, गेल्या वर्षीची, किती मुलांपैकी किती’ असं विचार.

लवासा. तिथला कॅम्पसही क्राइस्टचाच, मुळशीच्या डोंगरात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी. विदाशास्त्र (डेटा सायन्स), ॲनालिटिक्स, व्यवस्थापन, कायदा यांकडे कल. जागा देखणी आहे, शिकायला शांतता आहे. पण ‘पुणे’ हे नाव वाचून भुलू नकोस. शहर साधारण 60 किलोमीटर दूर, रस्ता घाटाचा, आणि पावसाळ्यात तो घाट कसा असतो ते मुळशीतल्या कुणालाही विचार. शिवाय लवासा हे अर्धवट राहिलेलं शहर आहे, उभारणारी कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी शहरात जाऊन अर्धवेळ इंटर्नशिप करणं, संध्याकाळी एखादं व्याख्यान ऐकणं, हे तिथून होत नाही. जिला एका जागी बसून आकडेमोड पक्की करायची आहे तिला ती जागा मानवेल. तुझ्या प्रश्नातली उत्सुकता बघता मी बंगळुरूच म्हणेन. त्यात मिरजेहून दुपारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलीस की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू, तेव्हा घरापासून फार तुटल्यासारखंही होणार नाही.

राहिला पैशांचा भाग, आणि यात खरोखर घाई कर. फी माफक नाही. संस्थेच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांची चौकशी प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबरच कर. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे. बोर्डात आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांना पदवीसाठी वर्षाला 12,000 रुपये. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती त्याहून बरीच मोठी, पूर्ण अभ्यासक्रमासाठी दोन लाखांपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा 15 लाख. पण ती फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असते आणि त्यासाठी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. गेल्या काही वर्षांत तिची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपत आली आहे, म्हणजे तू अजून सीआयएच्या पहिल्या फेऱ्यात चाचपडत असशील तेव्हाच. दुसऱ्या वर्षी आठवण होऊन उपयोग नाही.

या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, बहुतेक ठिकाणी चालू वर्षाचा. तो मिरजेतून निघायच्या आधी सेतूतून काढून घे, त्याच्यासोबत अधिवासाचा दाखलाही, आणि दोन्ही स्कॅन करून स्वतःच्या मेलवर टाकून ठेव. बंगळुरूला पोहोचल्यावर त्या एका कागदासाठी वडिलांना रजा टाकून तहसीलमध्ये उभं राहावं लागतं.