'गेट'चे अर्थ पाठ करू नकोस
अरे डिक्शनरीतले इंग्रजी 'गेट'चे (get, दरवाजावालं गेट नव्हे) सगळे अर्थ पाठ करत बसलास तर वेडा होशील, त्यापेक्षा पुढचा शब्द बघ. पुढे वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं, विशेषण आलं की होणं, म्हणजे गेट अँग्री, गेट वेट वगैरे, आणि 'टू' लावून जागा आली की पोचणं. 'आय गॉट माय हेअर कट' मात्र नीट बघ, केस मी नाही कापले, न्हाव्याकडून कापून घेतले. मूळ शब्द व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला, 'गेटा', म्हणजे मिळवणं, बाकीचे अर्थ नंतर चिकटत गेले. 'फरगेट'मधला गेट पण त्याच कुळातला बरं का, फक्त तो इंग्रजीत आधीपासूनच होता. आणि अमेरिकन लोक 'गेट'चं तिसरं रूप 'गॉटन' म्हणतात त्याला उगाच हसू नकोस, ते जुनंच रूप आहे, ब्रिटिशांनीच सोडलं.