छोट्या अनुदानांविषयी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : पाण्याच्या हक्कासाठी पथनाट्ये आणि भित्तिचित्रे करणारा आमचा एक लहान गट आहे. गटाची नोंदणी झालेली नाही. अनुदानासाठी केलेला अर्ज ‘उद्दिष्ट फार व्यापक आहे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला. आता काय करावे?

उत्तर : शेरा त्रोटक असला, तरी अर्जात नेमके काय कमी पडले ते त्यातून कळते. छोटे अनुदान देणाऱ्याला अर्जातून सर्वांत आधी हे जाणून घ्यायचे असते, की आपली रक्कम मिळाली नाही तर कोणती गोष्ट घडायची राहून जाईल. ‘समाजात पाण्याविषयी जागृती करणे’ या वाक्यातून त्याला ते कळत नाही. त्याऐवजी ‘ज्या वस्तीत पाणी सुटण्याची वेळ ठरलेली नाही, तेथील स्त्रियांच्या अनुभवांवर त्यांच्याच सहभागाने नाटक बसवू, त्याचे चार प्रयोग करू आणि शेवटच्या प्रयोगाला पाणीपुरवठ्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना बोलावून तेथेच चर्चा घडवू’ असे लिहिले, तर काम कोणासोबत आहे, किती काळाचे आहे आणि कोठे संपते, हे सारे एका वाचनात स्पष्ट होते. पाण्याच्या हक्काची तुमची मोठी भूमिका यामुळे लहान होत नाही. तिच्यातला या अनुदानात बसणारा भाग तेवढा वेगळा काढला जातो. शिवाय हे नाटकातूनच का करायचे, पत्रक वाटून किंवा सभा घेऊन ते का साधणार नाही, यावरही दोन-तीन वाक्ये अवश्य लिहावीत. कलेशी संबंधित बहुतेक अर्ज हा प्रश्न गृहीत धरून पुढे जातात आणि तेथेच कच्चे पडतात.

नोंदणी नसणे ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. २००९ मध्ये बॉस्टन येथे सुरू झालेल्या ‘ऑसम फाउंडेशन’च्या शाखा एकट्या व्यक्तीला, अनौपचारिक गटाला किंवा संस्थेला, कोणालाही १,००० डॉलरचे अनुदान देतात. शाखेतील साधारण दहा विश्वस्त प्रत्येकी १०० डॉलर स्वतःच्या खिशातून घालतात आणि त्या बदल्यात कामावर कोणताही हक्क सांगत नाहीत. जेथे नोंदणीची अट असेल, तेथे एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत रक्कम स्वीकारता येते. मात्र त्या संस्थेशी कितीही जुना स्नेह असला, तरी करार लेखी असावा. व्यवस्थापन खर्चापोटी संस्था किती टक्के कापून घेईल, रक्कम किती दिवसांत तुमच्या हाती येईल, मूळ पावत्या कोणाकडे राहतील आणि नाटकाच्या आशयाविषयी अंतिम शब्द कोणाचा असेल, हे चारही मुद्दे त्यात आले पाहिजेत. निधी परदेशातून येणार असेल, तर आधी कायदा पाहावा, कारण काही देशांत असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे.

प्रश्न : अंदाजपत्रकात कलावंतांचे मानधन दाखवले तर अर्ज नाकारला जाईल, अशी भीती वाटते. ते वगळावे का?

उत्तर : वगळू नये. रंग, कापड आणि प्रवास यांना पैसे लागतात आणि माणसांच्या श्रमाला लागत नाहीत, असे दाखवणारे अंदाजपत्रक खोटे असते. जे श्रम खरोखरच विनामोबदला दिले जाणार असतील, तेही त्यांचे मूल्य लिहून ‘स्वयंसेवी योगदान’ म्हणून दाखवावेत. मानधनाला मनाई असल्याचे नियमावलीत स्पष्ट लिहिले असेल, तर त्या अनुदानातून साहित्याचा खर्च भागवावा आणि मानधनाची तजवीज अन्यत्र करावी.

प्रश्न : नाटकामुळे बदल झाला, हे अहवालात कसे सिद्ध करायचे?

उत्तर : ब्राझीलचे रंगकर्मी आगुस्तो बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ दि जानेरोच्या नगरपरिषदेचे सदस्य होते. वस्त्यांमध्ये लोकांसोबत केलेल्या प्रयोगांतून ज्या मागण्या पुढे आल्या, त्या त्यांनी परिषदेत मांडल्या आणि त्यांतून १३ कायदे झाले. नाटकाचे इतके थेट फळ क्वचितच दिसते, आणि या उदाहरणातही नाटकामागे लोकांनी निवडून दिलेल्या सदस्याचे अधिकार होते, हे विसरता येत नाही. म्हणून काही महिन्यांच्या कामानंतर ‘मानसिकता बदलली’ असा दावा करू नये. जे पाहिले, ते लिहावे : चर्चेत प्रथमच कोण बोलले, कोणती तक्रार लेखी दिली गेली, तिला काय उत्तर मिळाले, प्रयोग संपल्यावर कोणते काम लोकांनी स्वतःहून चालू ठेवले. मात्र काम सुरू होण्यापूर्वीची स्थितीही नोंदवलेली असावी. ती नसेल, तर नंतरच्या नोंदींची तुलना कशाशीच करता येत नाही. जे जमले नाही, तेही कारणासह लिहावे. समंजस अनुदानदात्याला तो भाग सर्वाधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र दरमहा वर्गणी काढून अशी अनुदाने देऊ इच्छितो. निवड कशी करावी?

उत्तर : डेट्रॉइट शहरात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘डेट्रॉइट सूप’ या उपक्रमात लोक दाराशी ५ डॉलर देऊन साध्या जेवणाला जमत. तेथे चार प्रस्ताव प्रत्येकी चार मिनिटांत मांडले जात, श्रोते मोजके प्रश्न विचारत, जेवताना चर्चा होई आणि मतदानानंतर जमलेली रक्कम सर्वाधिक मते मिळवणाऱ्या प्रस्तावाला दिली जाई. तरुण स्त्रीवादी गटांना साहाय्य करणाऱ्या ‘फ्रिडा’ या निधीने याहून पुढे जाऊन अर्जदार गटांनाच एकमेकांच्या अर्जांवर मत देण्याचा अधिकार दिला. आम्हाला ही दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते, कारण कामातल्या अडचणी ज्यांनी स्वतः सोसल्या आहेत, त्यांना कागदावरचा सफाईदारपणा सहसा फसवू शकत नाही. खुल्या मतदानात मात्र बाग किंवा वाचनालय सहज निवडून येते आणि तुरुंगातून सुटलेल्यांसोबतचे काम मागे पडते. ते टाळण्यासाठी दर काही महिन्यांनी एक अनुदान अशा अप्रिय विषयांसाठीच राखून ठेवावे.

तुमच्या अटी रकमेला साजेशा असाव्यात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत १९९२ पासून राबवल्या जाणाऱ्या पर्यावरणविषयक लघु अनुदान कार्यक्रमात हजारो डॉलरची रक्कम मिळते, तेथे टप्प्याटप्प्याने अहवाल मागणे रास्त आहे. मित्रांच्या वर्गणीतून दिलेल्या रकमेसाठी एका पानाचा अर्ज आणि शेवटी एक भेट किंवा अर्धा तास संभाषण पुरेसे आहे. रक्कम आगाऊ आणि एकरकमी द्यावी, कारण आधी स्वतः खर्च करून नंतर परतावा मागणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठीच हे अनुदान आहे. वर्गणीदारांपैकी कोणाचा नातेवाईक किंवा सहकारी अर्ज करणार असेल, तर त्या वर्गणीदाराने त्या फेरीत मत देऊ नये, हा नियम पहिला अर्ज मागवण्यापूर्वीच लिहून ठेवावा.