वाचकांचे प्रश्न : मुलांच्या हाती कॅमेरा, गावाच्या हाती काय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गावातील मुलांच्या कला व माध्यम उपक्रमांविषयी आहेत. विषय एकच असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी लघुपट शिबिर घेण्याचे ठरवले आहे. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की तोच पैसा उत्सवातील नाटकावर खर्च करावा. मुलांना शिकायला मिळेल हे खरे, पण गावाला त्याचा उपयोग काय, असे ते विचारतात. त्यांना काय सांगावे?
— युवक मंडळाचा एक सदस्य, सत्तरी तालुका (गोवा)

उत्तर : ज्येष्ठांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शिबिरात काय शिकवले जाते यापेक्षा तयार झालेली कृती सर्वांत आधी कोणासमोर दाखवली जाते यावर अवलंबून आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला आणि आपल्याकडच्या एका पिढीच्या मनात चित्रपट म्हणजे महोत्सव हे समीकरण पक्के बसले. परिणामी गावच्या शिबिरात मुलांनी केलेला लघुपट थेट कुठल्या तरी स्पर्धेला जातो, तेथून प्रमाणपत्र येते, त्याचा फोटो वर्तमानपत्रात झळकतो, आणि ज्या आजीची मुलाखत त्यात घेतलेली असते तिने तो पाहिलेलाच नसतो. असे शिबिर मुलांच्या दृष्टीने वाया गेले असे मी म्हणणार नाही. गावाच्या दृष्टीने मात्र ते झाले काय आणि न झाले काय, सारखेच.

या संदर्भात कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटाचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. १९६७ मध्ये तेथील किनारी मासेमारी खालावली होती आणि लोकांना बेटावरून हलवण्याची भाषा सरकारदरबारी चालू होती. राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या दिग्दर्शकाने निरनिराळ्या वस्त्यांतील लोकांशी बोलून लहान लहान चित्रफिती तयार केल्या, त्या आधी बोलणाऱ्यांनाच दाखवून त्यांची संमती घेतली आणि मग बेटावरच वस्तीवस्तीतून त्यांचे खेळ केले. एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या वस्त्यांना त्यातून आपले दुखणे एकच असल्याचे दिसले. मच्छीमारांची सहकारी संस्था त्याच काळात उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. तो उपक्रम मुलांचा नव्हता, आणि एवढे सगळे केवळ चित्रफितींनी घडले असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. परंतु आधी गावाला दाखवायचे, मग बाहेर पाठवायचे, हा क्रम तेथून जरूर उचलावा.

गोव्यात हा क्रम नवा नाहीच. उत्सवातील मराठी नाटकाच्या तालमी गावातच होतात, कोणी रंगतो, कोणी प्रॉम्प्टिंग करतो, लहान मुले पडदा ओढण्यासाठी भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे स्वगत फसले याची चर्चा नाक्यावरच्या दुकानात रंगते. स्पर्धांना माझा सरसकट विरोध नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत महिलांचे आणि मुलांचेही गट असतात. त्या स्पर्धेसाठी बसवलेला अभंग वर्षभर देवळात म्हटला जातो, म्हणून तिचा गावाला फायदा होतो. तेव्हा नाटक की लघुपट असा वाद घालण्यापेक्षा उत्सवाच्या रात्री नाटकाआधीची वीस मिनिटे मुलांच्या लघुपटासाठी मागून घ्यावीत. प्रेक्षक आयतेच जमलेले असतील, आणि नाटकाला उशीर होतो म्हणून कुरकुरणारेही त्यांतच असतील. त्यांची कुरकुर मुलांनी जरूर ऐकावी.

विषयही जवळचाच निवडावा. घुमट या मडक्याच्या वाद्याचेच पाहा. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. या एका बदलाचा माग काढायचा तर मुलांना मडके घडवणाऱ्या कुंभाराकडे, कातडे ताणून बसवणाऱ्याकडे, वन खात्याच्या कर्मचाऱ्याकडे आणि ‘आता तो नाद राहिला नाही’ म्हणणाऱ्या जुन्या वादकाकडे जावे लागते. एरवी या चौघांची गाठ पडत नाही. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरा मुळीच देऊ नये, केवळ आवाज मुद्रित करायला लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घुमटाचा खर्ज मागच्या लहान तोंडातून येतो आणि ते तोंड वादक डाव्या तळव्याने झाकत-उघडत असतो. माइक समोर कातड्याजवळ धरला तर नुसती थाप ऐकू येते, घुमारा येत नाही. त्यात शेजारी दोन काठ्यांनी शामेळ वाजू लागले, की ते सगळे गिळून टाकते. माइक कुठे ठेवायचा हे मुलांना वादकालाच विचारावे लागते आणि तेथून खरे संभाषण सुरू होते. चवथीला पावसाळी हवेने कातडे सैल पडल्यावर ते तापवायला बसलेली माणसे अशा वेळी मुलाखतीत सांगणार नाहीत अशा कितीतरी गोष्टी सांगून जातात.

प्रश्न : पौषात आमच्या वाड्यावर धालो, म्हणजे बायकांची विधिगीते व नाच, होतात. आठवी-नववीच्या मुलांनी ते चित्रित करून ठेवावेत अशी माझी इच्छा आहे, कारण गीते पाठ असलेल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. मात्र काही वयस्क स्त्रिया नाखूष आहेत.
— एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : त्यांच्या नाखुशीला मान द्यावा. मांड ही पूजेची जागा आहे आणि धालो हा स्त्रियांचा स्वतःचा विधी आहे. तेथे पुरुषांना स्थान नसते, मग मुलगे तिपाई लावून कसे उभे राहणार? हे काम मुलींकडे सोपवावे, आणि त्यांनीही पहिले वर्ष कॅमेरा न नेता समोरासमोरच्या ओळींत उभे राहून गीते म्हणावीत. ज्या मुलीला चार गीते येऊ लागली आहेत तिला पुढच्या वर्षी मुद्रण करू देण्यास त्या स्त्रिया सहसा नकार देणार नाहीत. समजा दिलाच, तर दुपारी कोणाच्या तरी पडवीत बसून केवळ शब्द लिहून घ्यावेत. सत्तरीतील रणमाले या लोकनाट्याबाबतही हेच सांगता येईल: रामायणातील प्रसंगांची ती गीते तोंडी परंपरेने टिकली आहेत आणि आज शब्दांची वही हीच तिकडची निकडीची गरज आहे.

मुद्रणाची मालकी कोणाची, हे आधीच ठरवून घ्यावे. एक प्रत शाळेत, एक वाड्यावर, आणि इंटरनेटवर काय टाकायचे याचा निर्णय गाणाऱ्या स्त्रियांचा, अशी साधी लेखी नोंद पुरते. मुलींचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमतीही घ्यावी. चित्रीकरण झाल्यावर त्याच स्त्रियांना बसवून ते दाखवले, की त्या चुका काढतात, सुटलेली कडवी म्हणून दाखवतात. ही दुसरी बैठकही मुद्रित करावी. पुष्कळदा ती पहिलीपेक्षा मोलाची ठरते.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर रील्स करीत असतो. यातून काही चांगले घडू शकेल का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : संकलनाचा हात त्याला बसलेला आहे, ही जमेची बाजू. त्याला काम द्या. पंचायत राज कायद्याप्रमाणे गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत ग्रामसभा होतात. पुढच्या सभेआधी गटाराच्या किंवा कचऱ्याच्या एकाच प्रश्नावर त्याने तीन मिनिटांची चित्रफीत करावी, तीत तक्रार करणाऱ्याइतकाच वेळ पंचसदस्यालाही द्यावा, आणि ती आधी वाड्यावरच्या लोकांना दाखवावी. समोरच्याचे म्हणणे न कापता ठेवायचे, हे रील्समध्ये कोणी शिकवीत नाही.

प्रश्न : आमच्या भागातील तरुणांना सामुदायिक रेडिओ सुरू करायचा आहे. ते कितपत शक्य आहे?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, डिचोली

उत्तर : शक्य आहे, परंतु धीर लागेल. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना असे केंद्र चालवण्याची वाट खुली झाली. व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला परवाना मिळत नाही. अर्जदार संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे काम करीत असलेली असावी लागते, तेव्हा तरुणांनी नवी संस्था काढण्यापेक्षा आपल्या वाचनालयाच्या छत्राखाली येणे सोयीचे ठरेल. प्रक्षेपकाची शक्ती साधारण १०० वॅटच्या मर्यादेत ठेवली जाते, म्हणजे आसपासची गावे ऐकतील, तालुका नव्हे. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून तयार व्हावे लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करता येतात. पाणीपुरवठा, हवामान, परीक्षा, उत्सव यांची माहिती मात्र देता येते. तेलंगणातील पस्तापूर येथे दलित शेतकरी स्त्रिया २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवीत आहेत, यावरून शिक्षण किंवा तंत्राचे भय बाळगण्याचे कारण नाही हे दिसेल.

खरी अडचण रोजच्या कार्यक्रमांची असते. रोज दोन तास भरायचे, तेही पहिल्या महिन्यातला उत्साह ओसरल्यावर, हे सोपे नाही. अर्ज करण्यापूर्वी सहा महिने आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम मुद्रित करून रविवारी वाचनालयात ध्वनिक्षेपकावर ऐकवा. कोकणी आणि मराठी दोन्ही भाषांना त्यात जागा ठेवा, आणि ऐकायला किती लोक येतात याची नोंद करा. सहाव्या महिन्यात तरुण कार्यक्रम आणून देत असतील आणि ऐकणारेही टिकून असतील, तर अर्ज भरायला घ्यावा.