सासूबाईंना काय सांगू?

सांगलीच्या विश्रामबागेतून जर्मनीत श्टुटगार्टला गेलेल्या एका आईचं पत्र आहे. "मुलगा सोळाचा. मार्क चांगले, तरी युनिव्हर्सिटी नको म्हणतो. इलेक्ट्रिशियनच्या आउसबिल्डुंगला जायचंय त्याला. सासूबाईंना काय सांगू? नातू वायरमन होणार म्हणून?"

हो, तेच सांग. रागावू नकोस, पण पत्रात मुलाच्या आवडीबद्दल एक ओळ नाही. सासूबाई मात्र चारदा आल्यात.

आउसबिल्डुंग म्हणजे काम करता करता घ्यायचं धंदेशिक्षण, इलेक्ट्रिशियनचं साडेतीन वर्षांचं. थोडे दिवस शाळा, बाकी कंपनीत काम, आणि पहिल्या वर्षापासून हातात स्टायपेंड. पुढे परीक्षा देऊन माइस्टर, म्हणजे त्या कामातला उस्ताद झाला तर जर्मनीच्या पात्रता-चौकटीत पदवीधराच्याच, सहाव्या पायरीवर बसतो. मग वाटलं तर विद्यापीठाचं दारही उघडं. तिथे राहून हे तुला माहीत नसेल होय? पण डोक्यात अजून तू सोडलीस तेव्हाची सांगली आहे.

माझे मामा किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत होते. पंपाची बॉडी गार झाली की छोट्या हातोडीने टकटक करून कान द्यायचे. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली की आत कुठेतरी तडा. साहेब लोक येऊन त्यांना विचारायचे. आणि याच मामांनी "माझ्यासारखे हात काळे करू नको" म्हणून माझ्या भावाला इंजिनिअरिंगला घातलं. पाऊण एकर विकली. भाऊ आज विमा विकतो. मामांच्या हाताखालच्या आयटीआयवाल्या पोराला तेव्हा कोणी मुलगी देईना. त्याचं आता पलूसला स्वतःचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या मुलाला इंजिनिअर मुलींची स्थळं येतायत. (भावाला मी हे बोलून दाखवत नाही. वहिनी दाखवते.)

आणि सासूबाईंचं माहेर विट्याकडचं, असं तूच लिहितेस. अगं, तिकडची माणसं भट्टीपुढे बसून सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. गलाईच्या पैशावर गावाकडे माड्या चढल्या, तेव्हा डिग्री कुणी विचारली होती? फोन तू करूच नकोस, नातवाला करू दे. पहिल्या पगारातून आजीला काय आणणार, तेवढंच त्याने विचारावं.

मुलगी मराठीत उत्तर देत नाही? तू जर्मनमध्ये विचारणं बंद कर. आणि भडंग सादळतं म्हणतेस, तर कागदी पिशवीतून आणू नकोस, घट्ट झाकणाचा डबा घे.