नाशिकमध्ये जेल नेल्स करायची आहेत. सलून सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, गंगापूर रोडला जेल एक्स्टेन्शन (जेलने नखं लांब करणं) करायचा विचार आहे, पण आई म्हणते, "परक्या हत्याराने नखं कोरून घेऊ नकोस, नखुरडं होईल." शिवाय आईंना शुगर आहे, त्यांना पेडिक्युअरला न्यावं का, हेही विचारलंय.

आईंची भीती खोटी नाही. नऊ वर्षं मी नाशिकमध्ये हेच काम करतेय आणि नखुरडं झालेली बोटं पाहिली आहेत. बहुतेक वेळा ते रंग लावण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत ओढवलेलं असतं. त्या कामाला आम्ही प्रेप म्हणतो. म्हणून सलून बघायला जाल तेव्हा डिझाइनचे फोटो नंतर बघा. आधी दहा मिनिटं बसून दुसऱ्या कुणाचं तरी प्रेप कसं चाललंय ते बघा.

नखाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्हींना सरसकट क्युटिकल म्हटलं जातं. एक म्हणजे नखावर चिकटून पुढे आलेला मेलेला पांढुरका पापुद्रा. तो काढावाच लागतो, नाहीतर जेल त्याच्यावर बसतं आणि आठवड्याभरात उचकटतं. दुसरी त्याच्या मागची जिवंत कातडीची कड. नख आणि बोट यांच्यातली फट ती बंद ठेवते, पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. ती कापली की जंतूंना थेट वाट मिळते. पुशरने कड हलकेच मागे सारायची, पापुद्रा खरवडायचा, आणि निपर (कातडी कापायची छोटी पकड) लावायचा तो फक्त आपोआप सुटलेल्या मेलेल्या कातडीला. रक्ताचा एक थेंबही येता कामा नये.

हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. मी जिथे शिकले तिथे "कड पूर्ण कापली की फोटो छान येतो" असं शिकवायचे आणि मी तसंच करत होते. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीची अनामिका तिसऱ्या दिवशी टरारून सुजली, पू धरला, शेवटी डॉक्टरांकडे चीर द्यावी लागली. ती भांडायला आली नाही. तिने फक्त बोटाचा फोटो पाठवला. त्या दिवसापासून मी कुणाची जिवंत कड कापलेली नाही.

आता हत्यारांचं. तुमच्या बोटाला लागणारा निपर कुठून बाहेर येतो ते बघा. ड्रॉवरमधून, तासाभरापूर्वी दुसऱ्या कुणाला वापरलेला, कापसाने पुसून आला तर उठून या. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो, आणि ते रक्त डोळ्यांना दिसेल इतकं असावं लागत नाही. धातूची हत्यारं आधी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायची, कारण घाण तशीच राहिली तर औषध तिच्याखाली पोचत नाही. मग दवाखान्यात वापरतात तसल्या जंतुनाशकात, बाटलीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत बुडवून ठेवायची. सर्वांत उत्तम म्हणजे ऑटोक्लेव्ह, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा. १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ. हत्यारं ज्यात बंद करून वाफेत ठेवतात ती पाऊचं मी गोळे कॉलनीतून आणते. ग्राहकाच्या समोर पाऊच फाडते, आणि आधी त्यावरची वाफेने रंग बदललेली खूण दाखवते. निळा दिवा लागणारी जी यूव्हीची पेटी बऱ्याच ठिकाणी दिमाखात ठेवलेली असते, तिच्यावर विसंबू नका. प्रकाश पडतो तेवढ्याच भागावर त्याचा परिणाम, निपरचा सांधा तसाच राहतो. गुमास्ता परवाना भिंतीवर लावलेला असला तरी ती दुकानाची नोंद आहे, त्यावरून हत्यारांचं काही कळत नाही.

फाइल, बफर आणि लाकडी काडी धुऊन स्वच्छ होत नाहीत. त्या तुमच्यासाठी नव्या काढायला हव्यात, नंतर कचऱ्यात. विचारायला संकोच करू नका. मला कुणी विचारलं तर बरंच वाटतं.

नख घासायच्या ड्रिल मशीनबद्दल एवढंच, की चटका बसला तर लगेच "थांबा" म्हणा. सहन करायचं नसतं. बोटाचं नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे ड्रिल जास्त घासल्याने मुळाशी पडलेली लाल चरी पुढे सरकून निघून जायला सहाएक महिने लागतात. चांगल्या प्रेपला नैसर्गिक नखाची फक्त चकाकी घालवायची असते, १८० ग्रिटची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचं माप) फाइल किंवा मऊ बफर त्याला पुरतो.

जेल कातडीवर ओघळलं तर जेल सुकवायच्या लॅम्पखाली हात घालण्याआधी ते पुसून घ्यायला लावा. न सुकलेलं जेल वारंवार कातडीला लागलं की त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. दातांत भरायच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, म्हणून मी याला किरकोळ समजत नाही. ऑनलाइन किट मागवून घरी जेल लावणाऱ्या मुलींची मला यासाठीच जास्त काळजी वाटते.

लग्नानंतर जेल एखाद्या कडेने उचकटलं तर फेव्हिक्विकने चिकटवू नका. गेल्या हिवाळ्यात दिंडोरीकडच्या एका ताईंनी तसंच केलं. द्राक्षघडांच्या डीपिंगमुळे (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम) त्यांचे हात दिवसभर ओले, उचकटलेल्या जेलखाली पाणी साचलं आणि नख हिरवं पडलं. तो सुडोमोनास नावाच्या जीवाणूचा रंग असतो. जेल काढून टाकून नख कोरडं ठेवलं, त्वचारोगतज्ज्ञांचं औषध घेतलं, तेव्हा बरं झालं. ओरबाडून जेल काढलं तर नखाचे थरही सोबत निघतात. सलूनमध्ये येऊन ॲसिटोनने काढून घ्या.

पेडिक्युअरच्या टबाबद्दल जरा सविस्तर सांगते. पाणी फिरवणारे, बुडबुडे सोडणारे टब दिसायला छान, पण त्यांच्या जाळीमागे केस आणि कातडीचे कण अडकून राहतात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये अशाच टबांमुळे शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली होती. जाळीमागच्या घाणीत मायकोबॅक्टेरियम वाढला होता, आणि आधी पायांवर वस्तरा फिरवलेल्या बायकांना धोका जास्त होता. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी शेव्हिंग किंवा वॅक्सिंग करू नका. टब साधा, जेट नसलेला, शक्यतो प्लास्टिकची नवी पिशवी घातलेला मागा.

आईंना मात्र मी तुमच्यासोबत आणायला सांगणार नाही, निदान त्यांच्या डॉक्टरांना पाय दाखवेपर्यंत तरी. शुगर असलेल्यांच्या पायाला पुष्कळदा बधिरपणा असतो, कापलं तरी कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर टाचेला ब्लेड लावू देऊ नका, कड कापू देऊ नका, नखं सरळ रेषेत कापायला सांगा आणि पाय फार वेळ भिजत ठेवू नका. त्यांची हौस हाताच्या नखांवरही भागेल. तिथेही कड तशीच ठेवायची, नुसतं फाइल आणि साधं नेलपॉलिश.