अनुदान आयर्लंडचं, कर्ज मात्र आपलं

पत्र, थोडक्यात: "आमचं फलटण तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे, घरी अकरा गाई. मुलगी यंदा अन्न तंत्रज्ञानात बी.टेक. झाली. परदेशी शिक्षणाच्या एका कन्सल्टंटनं सांगितलं, की आयर्लंडचं सरकार शेतीला आणि फूड कंपन्यांना पाण्यासारखा पैसा देतं. तरुणांना आणि बायकांना ६० टक्के सबसिडी आहे. मुलगी तिथे एम.एस्सी. झाली तर नोकरी पक्की, पुढे स्वतःची डेअरीसुद्धा टाकता येईल. हे खरं आहे का? कर्जासाठी दोन एकर तारण ठेवावी लागेल. ठेवू का?" – एक आई, सातारा जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ६० टक्के हा आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. आयर्लंडमध्ये 'टॅम्स' नावाची योजना आहे. गोठा, दूध काढायची यंत्रं, शेण-मुताच्या टाक्या अशा कामांना शेतकऱ्याला साधारण ४० टक्के अनुदान मिळतं. प्रशिक्षण घेतलेल्या तरुण शेतकऱ्याला आणि ठरावीक वयातल्या महिला शेतकऱ्याला ते ६० टक्क्यांपर्यंत जातं. पण शेतकरी म्हणजे तिथे जमीन कसणारा, सरकारदरबारी नोंद असलेला. तुमची मुलगी तिथे जाईल ती विद्यार्थिनी म्हणून. त्या परवान्यावर ('स्टॅम्प २' म्हणतात त्याला) शिकताना आठवड्याला २० तास आणि ठरलेल्या सुट्टीत ४० तास नोकरी करता येते, स्वतःचा धंदा नाही. एम.एस्सी. झाल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंतचा 'स्टॅम्प १जी' मिळू शकतो, त्यातही धंद्याला परवानगी नाही. म्हणजे त्या ६० टक्क्यांतला एक युरोसुद्धा तिच्या हाती लागणार नाही. हे त्या कन्सल्टंटला माहीत नसेल तर त्याचा सल्ला घेऊ नका, आणि माहीत असूनही त्यानं सांगितलं नसेल तर मुळीच घेऊ नका.

आता तिथे सरकार पैसा ओततं ते कशासाठी, हेही बघा. युरोपियन युनियनच्या सामाईक कृषी धोरणाखाली आयर्लंडची २०२३ ते २०२७ ची योजना साधारण ९.८ अब्ज युरोची आहे. त्यातला मोठा हिस्सा हेक्टरच्या हिशोबानं शेतकऱ्याच्या खात्यात जातो, काही ओढे, कुंपणं, गवताळ रानं राखण्यासाठी. २०२० च्या गणनेत तिथे १ लाख ३५ हजार शेतं होती, सरासरी ३३ हेक्टरची. दर तीन शेतमालकांत एक ६५ च्या पुढचा, पस्तिशीच्या आतले शंभरात सातसुद्धा नाहीत. मांसासाठी गुरं आणि मेंढ्या पाळणाऱ्या बऱ्याच शेतांवर तर वर्षाचं उत्पन्न मिळालेल्या अनुदानापेक्षा कमी भरतं, म्हणजे अनुदान काढून घेतलं तर शेत तोट्यात. आपल्याकडे २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा गाईंच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर भरत तुम्ही संकलन केंद्रावर रात्री जागल्या असाल. तो पैसा कुणाला पोसायला होता आणि कुणाला श्रीमंत करायला नव्हता, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथलंही तसंच आहे, आकडा फक्त मोठा.

पण ताई, तिथल्या सरकारी मदतीचा आणखी एक भाग आहे. तो कुणाच्या खात्यात जमा होत नाही, संस्थांमध्ये मुरतो. तुमच्या मुलीचं काम तिथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

'टागस्क' ही सरकारी संस्था १९८८ मध्ये उभी राहिली. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थच शिकवण. संशोधन, शेतकऱ्याला सल्ला आणि शिक्षण, तिन्ही एकाच छपराखाली. आपल्याकडे कृषी विद्यापीठ एकीकडे, कृषी खातं दुसरीकडे आणि कृषी विज्ञान केंद्र तिसरीकडे असतं, म्हणून मला ही रचना फार मोलाची वाटते. कॉर्क परगण्यात फर्मॉय गावाजवळ मूरपार्क इथे त्यांचं दुग्ध संशोधन केंद्र आहे. एका बाजूला कुरणं आणि गाई, दुसऱ्या बाजूला दुधाची भुकटी, चीज, प्रथिनं यांचा छोटा प्रायोगिक कारखाना. लहान मुलांच्या दुधाची नवी पावडर करायची असेल तर कंपनी आपला अख्खा प्लांट न थांबवता तिथे चाचणी घेऊ शकते. डब्लिनजवळ ॲशटाउनला असंच केंद्र मांस आणि तयार खाद्यपदार्थांसाठी आहे.

दुसरी संस्था 'बोर्ड बिया', १९९४ ची. हिचं काम आयरिश माल जगात विकणं. आयर्लंड आपल्या अन्नाचा सुमारे ९० टक्के भाग निर्यात करतो. २०२४ मध्ये ही निर्यात १७ अब्ज युरोच्या घरात गेली. २०१२ पासून 'ओरिजिन ग्रीन' नावाचा कार्यक्रम चालतो. शेत आणि कारखाना यांची पाणी, कार्बन, खत अशी मोजणी होते आणि ते आकडे परदेशी खरेदीदारापुढे ठेवले जातात. तिसरी 'एंटरप्राइज आयर्लंड', निर्यात करू पाहणाऱ्या कंपन्यांमागे पैसा आणि माणसं उभी करणारी. दहापर्यंत माणसं असलेल्या छोट्या उद्योगांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात ३१ स्थानिक कार्यालयं आहेत ती वेगळी.

याचं फळ कसं धरतं? केरी परगण्यात लिस्टोवेल इथे १९७२ मध्ये दुधातलं केसिन हे प्रथिन काढायचा एक कारखाना सुरू झाला. भांडवल तिघांचं: सरकारी दूध कंपनी, गावोगावच्या सहकारी डेअऱ्या आणि एक अमेरिकन कंपनी. त्यातूनच पुढे आजचा केरी ग्रुप झाला, जो जगभरच्या खाद्य कंपन्यांना चवी आणि घटक पुरवतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना ही वाट ओळखीची वाटेल. तुमची मुलगी ज्या नोकऱ्यांसाठी अर्ज करेल त्या अशा कंपन्यांमध्ये असतील: गुणवत्ता, प्रक्रिया, नवं उत्पादन, अन्नसुरक्षा, आणि आता पर्यावरणाची मोजणी.

एक गोष्ट तिला जाण्यापूर्वी तुम्हीच शिकवू शकता. तुमच्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भाव ठरतो. आयर्लंडमध्ये बहुतेक डेअऱ्या 'ए अधिक बी वजा सी' अशी पद्धत वापरतात. फॅटच्या किलोला एक दर, प्रथिनाच्या किलोला एक दर, आणि दुधातलं पाणी वाहायचा-आटवायचा खर्च म्हणून लिटरमागे वजावट. म्हणजे नुसतं जास्त दूध घातलं म्हणून शेतकरी जिंकत नाही. तिला तुमची एका आठवड्याची पावती द्या आणि त्या पद्धतीनं हिशोब मांडायला सांगा. मुलाखतीत असा स्वतःच्या घरच्या दुधाचा हिशोब सांगणारी मुलगी लक्षात राहते.

नोकरी पक्की या शब्दाबद्दल. २०१५ च्या मार्चअखेर युरोपातला दूध कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा, उठला आणि आयर्लंडमध्ये दूध भराभर वाढलं, सहा अब्ज लिटरच्या आतून ८ अब्जांच्या पुढे. कारखाने वाढले, माणसं लागली. आता तो ओघ तसा नाही. शेतीला २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन २५ टक्क्यांनी कमी करायचं आहे, आणि जनावरांच्या खतातल्या नायट्रोजनची मर्यादा काही भागांत २०२४ पासून हेक्टरी २५० किलोवरून २२० वर आली. म्हणजे गाईंची संख्या वाढत राहील या भरवशावर करिअर बांधू नये. कमी दुधातून जास्त किमतीची वस्तू काढणं आणि हे सगळं मोजणं, याला मागणी राहील. तिनं अभ्यासक्रमात असेच विषय घ्यावेत. शिवाय कामाचा परवाना नोकरीचं पद आणि पगार बघून मिळतो. ती सरकारी यादी आणि पगाराची अट बदलत असते. अर्ज करायच्या आठवड्यात ती मूळ संकेतस्थळावर स्वतः वाचायची, कन्सल्टंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

विद्यापीठ निवडताना कॉर्क आणि डब्लिनच्या नावांची तुलना करत बसू नका. दोन्हीकडे या विषयाची जुनी, चांगली परंपरा आहे. ईमेल करून तीन गोष्टी विचारा: प्रायोगिक कारखान्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे किती दिवस जातात, कंपनीतलं प्रशिक्षण अभ्यासक्रमात आहे का, आणि गेल्या दोन वर्षांतले युरोपबाहेरचे विद्यार्थी आता कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर ते नाव खोडा.

आता तारण. माझं मत स्पष्ट आहे: यंदा जमीन ठेवू नका. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी वर्षाचे १० हजार युरो व्हिसाच्या वेळी दाखवावे लागतात, आणि घरभाडं तिथे सगळ्यांनाच जड जातंय. त्याऐवजी तिला वर्षभर फलटण-बारामती पट्ट्यातल्या एखाद्या चांगल्या दूध प्लांटमध्ये गुणवत्ता विभागात काम करू द्या. पहाटे टँकर आल्यावर नमुना काढणं, प्रतिजैविकांची चाचणी, नापास टँकर परत पाठवताना ड्रायव्हरची बोलणी खाणं, हे तिच्या पदवीत नव्हतं. त्या अनुभवावर तिनं आयर्लंड सरकारच्या आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीला अर्ज करावा. वर्षाला ६० जणांना मिळते, फी माफ आणि वर १० हजार युरो. स्पर्धा कडक आहे, पण ती फुकट अर्ज करण्याजोगी गोष्ट आहे. तिला संशोधनाची ओढ असेल तर टागस्कची 'वॉल्श स्कॉलर्स' योजना बघावी. विद्यापीठाची पदवी, काम टागस्कच्या केंद्रात, आणि दरमहा विद्यावेतन. जागा प्रकल्पानुसार जाहीर होतात, त्यामुळे वर्षभर नजर ठेवावी लागते.

आणि स्वतःची डेअरी टाकायचं स्वप्न तिचं आहे की कन्सल्टंटचं, हे तिला एकटीला विचारा. तिचं असेल तर त्यासाठी आयर्लंडची वाट बघायला नको. आपल्याकडे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होतं. सध्या अर्ज कुठवर चालू आहेत ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. तुमच्याकडे दूध आहे, केंद्र आहे, शिकलेली मुलगी आहे. अकरा गाई विकत घेऊन सुरुवात करणाऱ्यापेक्षा तुम्ही कितीतरी पुढे आहात.

कन्सल्टंटला आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती जपून ठेवा, आणि दिली नसेल तर या महिन्यात देऊ नका. विद्यापीठांची उत्तरं आली की ती घेऊन रविवारी सकाळचं दूध झाल्यावर मला फोन करा. मुलीला शेजारी बसवा, निम्मे प्रश्न मला तिलाच विचारायचे आहेत.