नव्या कोंबड्या दांडीवर बसत नसतील तर

नव्या कोंबड्या रात्री दांडीवर (झोपण्यासाठी लावलेल्या आडव्या लाकडावर) न बसता अंडी घालायच्या खोक्यात झोपतात, असं तुम्ही विचारलंत. संध्याकाळी खुराड्यात होणारी ढकलाढकली बघून घाबरू नका. कोंबड्यांमध्ये मानपान कडक असतो. वरची जागा ज्येष्ठ कोंबडी सोडत नाही आणि नवीन पोरींना टोच्या मारून खाली उतरवते. रक्त निघत नसेल तर मध्ये पडू नका.

आधी दांडी मोजा. प्रत्येकीला 20 ते 25 सेंमी जागा हवी. दांड्या वेगवेगळ्या उंचीवर लावल्या की सगळ्या सर्वांत वरच्या दांडीसाठीच भांडतात, म्हणून मी एकाच उंचीवर लावते. दांडी साधारण 5 सेंमी रुंद, कडा घासून गोल केलेली असावी.

अंडी घालायच्या खोक्यात झोपतात म्हणालात, तर खोकी दांडीपेक्षा उंच आहेत का बघा. कोंबडी उंच जागा शोधणारच! खोकी खाली घ्या, काही दिवस संध्याकाळी त्यांची तोंडं झाका आणि सकाळी आठवणीने उघडा. नाहीतर रात्रभराची शीट त्यातच पडते आणि अंडी बरबटतात. अंधार पडल्यावर कोंबड्यांना फारसं दिसत नाही, तेव्हा अलगद उचलून दांडीवर ठेवा, पंजांनी पकड घेतली की हात काढा. बहुतेकींना सवय लागते.

जुन्या कोंबड्याही अचानक दांडी टाळू लागल्या तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू आणि सांधे तपासा. लाल माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक परजीवी, दिवसा तिथे लपतात, रात्री कोंबड्यांचं रक्त पितात.